निर्माल्यातल्या नऊ चकत्या

सकाळचे अकरा वाजले की तिसगावच्या बाजारपेठेत घंटा घणघणायची, आणि भाजी घ्यायला आलेली माणसं पिशव्या सावरत पेंडीच्या दुकानाशेजारचा जिना चढायची. वर देऊळबिऊळ काही नव्हतं. वर काकासाहेबांचा कॉम्प्युटर क्लास होता. नऊ मशिनी, दोन रांगा. प्रत्येक मशिनीच्या कपाळावर कुंकू, वर झेंडूची माळ, समोर उदबत्ती. आणि या सगळ्याच्या मधोमध, खांद्याला झोळी, डोळे अर्धे मिटलेले, असे संगणकानंद महाराज उभे.

"ॐ सर्व्हराय नमः! ॐ केबलाय नमः! विघ्नं डिलीट कुरु कुरु, डाउनलोडं कुरु कुरु, फट् स्वाहा!"

"स्वाहा!" जिन्यापर्यंत दाटलेली गर्दी ओरडायची.

मग महाराज झोळीतून भगवं रेशमी वस्त्र काढायचे आणि स्वतःसकट मशीन झाकून घ्यायचे. आत काय चाललंय ते कुणाला दिसायचं नाही, फक्त रेशमाखाली कोपर हललेलं दिसायचं. मिनिटभरानं घामेजलेले महाराज बाहेर यायचे आणि खुर्चीवरच्या पोराला सांगायचे, "दाब आता एंटर." पोरगं दाबायचं. ज्या काळ्या खिडकीत सकाळपासून नुसती लाल अक्षरं येत होती, तिथं ओळींमागून ओळी सरसर धावायला लागायच्या.

"चाललं! चाललं!" टाळ्या, शिट्ट्या, महाराजांचा जयजयकार. एका आजीनं तर मशिनीला हात लावून तोच हात नातवाच्या डोक्यावरून फिरवला, पोराला अक्कल येईल म्हणून.

दाराशी फडकं घेऊन उभी असलेली रंगुबाई मात्र हात जोडत नव्हती. तिचे हात ओले होते हे खरं, पण कोरडे असते तरी तिनं ते जोडले नसते.

रंगुबाई या क्लासची झाडलोट करायची. साठीला आलेली, चौथीपर्यंत शिकलेली आणि जन्माची संशयी. दूध घेताना बोट बुडवून बघणार, भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघणार, कीर्तनकारानं डोळे पुसले तर उपरणं खरंच ओलं झालंय का तेही बघणार. "रंगे, तुला सरनावर ठिवलं तरी लाकडं वाळल्यात का बघशील," असं तिचा नवरा म्हणायचा. तो बिचारा गेला, हिची सवय राहिली.

लाल अक्षरांची काय भानगड आहे, ते तिला निकितानं समजावलं होतं. निकिता म्हणजे क्लासातली सगळ्यात धडपडी मुलगी. ती म्हणाली, "मावशी, आमाला रोज नवा प्रोजेक्ट सुरू करायचा असतो. पन तो एकटा चालत न्हाई. त्याला इंटरनेटवरनं दुसरे वीस प्रोग्राम मागवावे लागतात, त्या विसांना अजून दोनशे. एक जरी अडला तरी समदं ठप्प."

"म्हंजी लग्नातला गोतावळाच की," रंगुबाई म्हणाली. "मामा येतो म्हनला तर मामाचा मेव्हना रुसलेला. मेव्हन्याला आनावं तर त्याचा साडू गाडी मागतो."

निकिता पोट धरून हसली होती. तेव्हापासून अख्खा क्लास त्याला गोतावळाच म्हणायचा.

हा गोतावळा पहिल्यापासूनच हट्टी. नवा कोर्स सुरू झाला तेव्हा पोरं दोन-दोन दिवस मशिनीसमोर बसून रडकुंडीला यायची. हे टाकलं तर ते चालेना, ते काढलं तर चालणारंही बंद. शिकवणारे भागवत सर मुळातले टायपिंगचे. नवा कोर्स ते पुस्तकात बघून शिकवायचे. लाल अक्षरं आली की म्हणायचे, "ते वाचत बसू नका, आपल्याला कळणार नाही. खिडकी बंद करा, पुन्हा करा." पोरं लाल अक्षरांचा फोटो काढून सरांना पाठवायची, सर काकासाहेबांना पाठवायचे, आणि शेवटी काकासाहेबांनी ते फोटो महाराजांना पाठवले. वाचले कुणीच नाहीत.

नागपंचमीला महाराजांनी यंत्रशुद्धी केली. सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं, आत दोन तास घंटा वाजत होती. बाहेर आले तेव्हा फडक्यात बांधलेलं निर्माल्य रंगुबाईच्या हातात देऊन म्हणाले, "बाई, हे न उघडता विहिरीत सोडायचं. उघडलंस तर वंशाला दोष लागेल."

उघडू नको म्हटल्यावर रंगुबाई गप्प बसते होय? विहिरीच्या कठड्यावर टेकून तिनं गाठ सोडली. झेंडू, बेल, तांदूळ, आणि तळाशी नऊ चकचकीत गोल चकत्या, रुपयाएवढ्या. आधी तिला चांदीच्या वाटल्या. दाताखाली धरून बघितल्या. चांदी नव्हती. फुलं तिनं विहिरीत सोडली आणि चकत्या कापडात एकेक वेगळी गुंडाळून कमरेच्या चंचीत टाकल्या. देवाला वाहिलेली वस्तू माणसांपासून लपवायची कशाला, एवढाच प्रश्न तिच्या मनात राहिला.

त्या शुद्धीनंतर मात्र रोजचंच झालं. आधी गोतावळा अधूनमधून अडायचा. आता रोज सकाळी, नऊच्या नऊ मशिनींवर अडायचा, आणि रोज अकराला महाराज रेशमाखाली गेले की सुटायचा. सकाळी इंटरनेटची पानंसुद्धा लाल होऊन यायची. भागवत सर म्हणायचे, सकाळी नेट मंद असतं. माणसं म्हणायची, काय सामर्थ्य महाराजांचं! रोज सोडवायची पाळी का येते, हे मात्र कुणी विचारलं नाही.

अखेर काकासाहेबांनी विचारलं, आणि ते निकिताच्या मुळावर आलं.

"महाराज, रोज नीट करता, पन सकाळी पुन्हा बिघडतंय कसं?"

महाराजांनी डोळे मिटले. "सकाळी यंत्राला पहिला हात कुणाचा लागतो?"

सगळ्यांच्या माना निकिताकडे वळल्या. ती पहिल्या एसटीनं यायची, रंगुबाईकडून किल्ली घ्यायची आणि सगळ्यांच्या मशिनी चालू करून ठेवायची.

"हाच तो हात!" महाराज गरजले. "या मुलीच्या स्पर्शानं यंत्र विटाळतं. खंडेनवमीच्या पूजेला मी येईन त्या दिवशी हिचं नाव कमी झालेलं असलं पाहिजे. नाहीतर माझ्या सिद्धीलाही इलाज नाही."

निकिताचे आईबाप दरवर्षी दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे. यंदा निकिता मागं राहणार होती, कारण दसऱ्यानंतरच्या सोमवारी नगरच्या एका कंपनीची माणसं क्लासात परीक्षा घ्यायला येणार होती. समोर बसून नवा प्रोजेक्ट उभा करायचा, ज्याला जमेल त्याला नोकरी. नाव कमी झालं की परीक्षा नाही. आणि परीक्षा नाही म्हटल्यावर तिचा बाप भिमाजी तिला टोळीत नेणार, नाहीतर एखादं पोरगं बघून जोडी लावून देणार. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी, हे पाथर्डीकडच्या पोरींना कुणी शिकवावं लागत नाही.

रंगुबाई मागच्या मोरीत बादली भरायला गेली तर निकिता तिथं हात घासत बसलेली. हात लालबुंद झाले होते.

"काय करतीस गं?"

"मावशी, खरंच माझ्या हातात काय असंल का? रोज मी बटन दाबलं की पयल्यांदा काळ्या पडद्यावर कायतरी येतं. सर म्हनतात एफ-वन दाबायचं आन पुढं जायचं. मंग लाल अक्षरं. रोज मीच चालू करते आन रोज तसंच हुतं."

रंगुबाईनं तिच्या हातातला साबण काढून घेतला आणि फेकून दिला. तिला असा संताप आला होता की बादली भरून वाहतेय याचंही भान नव्हतं.

"सकाळी तू चालू करतीस. आन संध्याकाळी कोन बंद करतं? मी! खाली पेंडीची पोती हायेत, शॉर्टसर्किट हुईल म्हनून काकासाहेब मला रोज मेन स्विच खाली वढायला लावतो. दिवसभर फडकं मारते तेबी मीच. मंग इटाळ माझ्या हाताचा का न्हाई? मला का न्हाई काढत?"

निकितानं ओले हात ओढणीला पुसले.

"ऐक. आज मी मेन वढत न्हाई. बघू काय हुतंय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी निकितानं भीत भीत बटणं दाबली. एफ-वन नाही, लाल अक्षरं नाहीत. गोतावळा मुकाट आला. अकराला महाराज नेहमीसारखे रेशमाखाली गेले आणि गेले तसे बाहेर आले. चेहरा उतरलेला. पुढच्या मशिनीवर गेले, तिथंही तेच. मग सावरून म्हणाले, "आज वातावरण शुद्ध आहे." पण बोलताना ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. सगळे पडद्याकडे बघत होते. रंगुबाई तेवढी महाराजांकडे बघत होती. हा माणूस घाबरलाय, हे तिला लख्ख दिसलं.

एवढ्यावर समाधान मानणारी ती नव्हती. एकदा झालं ते योगायोगानंही झालं असेल. दोन रांगांना दोन वेगळे बोर्ड होते. संध्याकाळी तिनं पहिल्या रांगेची वीज चालूच ठेवली आणि फक्त दुसऱ्या रांगेचा स्विच खाली ओढला.

सकाळी निकितानं नऊही मशिनी चालू केल्या. पहिल्या रांगेतल्या चार सुरळीत. दुसऱ्या रांगेतल्या पाचही लाल.

"दोन्ही रांगांना हात कुनाचा लागला?"

"माझाच."

"मंग हाताचं सोड. आता हितं बघ." रंगुबाईनं पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण आकडे येत होते. एसटीचे नंबर आणि गोळ्यांच्या पाकिटावरच्या तारखा ती बघूनच घ्यायची. "मी रोज पुसते ह्ये. सकाळी येगळे आकडे असत्यात आन संध्याकाळी येगळे. मला वाटायचं मशिनीचं काय असंल. काय लिवलंय?"

निकितानं वाकून बघितलं. पहिल्या रांगेत आजची तारीख होती. दुसऱ्या रांगेत, पाचही मशिनींवर, एक जानेवारी दोन हजार नऊ.

त्या दिवशी निकितानं पहिल्यांदा लाल अक्षरांची खिडकी बंद केली नाही. मोबाईलवर एकेक शब्दाचा अर्थ काढत ती शेवटपर्यंत वाचत गेली. साठ-सत्तर ओळींत एकच ओळ कामाची होती. समोरच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरू झालेली नाही, असं ती सांगत होती. तिनं तारीख दुरुस्त केली, एंटर दाबलं. गोतावळा धावत आला.

"एवढंच?" निकिताला हसू येत होतं की रडू, तिलाच कळेना. मग तिनं शेजारची मशीन पुन्हा बंद-चालू केली आणि एफ-वन न दाबता तो काळा पडदाही वाचला. "मावशी, हितं बॅटरीचं कायतरी लिवलंय. आतला सेल संपलाय म्हनं. पन नवाच्या नऊ एकदम कशा संपतील?"

रंगुबाईचा हात आपसूक चंचीकडे गेला.

खंडेनवमीला क्लासात पाय ठेवायला जागा नव्हती. गावात सगळीकडे हत्यारांची पूजा चाललेली, आणि इथं मशिनींची. आदल्या संध्याकाळी रंगुबाईनं पुन्हा फक्त दुसऱ्या रांगेचा स्विच खाली ओढला होता. भिमाजीलाही बोलावून घेतलं होतं, पोरीला घेऊन जायला. तो बिचारा टोपी हातात धरून भिंतीला लागून उभा होता, कुणाच्या नजरेला नजर न देता.

"महाराज," रंगुबाई पुढं झाली, "पोरीला काढायच्या आधी एक सांगते. ती आता समद्या मशिनी चालू करंल. ह्या रांगेतल्या चार चालतील. त्या रांगेतल्या पाच न्हाई चालनार. मी आधीच सांगून ठिवते, मागनं न्हाई."

काकासाहेब हसले. निकितानं नऊ बटणं दाबली. चार चालल्या, पाच लाल झाल्या.

मग महाराजांचा आवाज चढला. "बघितलंत? हिला आधी कळतं! ही करणी आहे! ही बाईच चेटूक करते, आणि ही मुलगी तिची हस्तक!"

गर्दी मागं सरकली आणि लगेच पुढं आली. "धरा गं तिला," कुणीतरी म्हणालं. भिमाजीनं निकिताचं मनगट पकडलं आणि तिला दाराकडे ओढायला लागला. माणसांच्या गर्दीला रंगुबाई आयुष्यात पहिल्यांदा घाबरली होती.

"करनी हाय ना?" ती ओरडली. "मंग डबा उघडा आन करनी बाहेर काढा! माझा हात नको, पोरीचा नको. भागवत सर, तुमी उघडा!"

सर चाचरले. "स्क्रू ड्रायव्हर..."

"महाराजांच्या झोळीत बघा. डबे उघडल्याबिगर शुद्धी केली असंल व्हय?"

महाराजांनी झोळी छातीशी धरली. ती धरली म्हणूनच काकासाहेबांना पहिल्यांदा शंका आली. त्यांनी हात घालून ओढली. आत खरंच स्क्रू ड्रायव्हर होता, रुद्राक्षाच्या माळेत गुंडाळलेला.

भागवत सरांनी दुसऱ्या रांगेतल्या पहिल्या मशिनीचा डबा उघडला. आत, रुपयाएवढ्या गोल खोबणीत, भस्माची पुडी कोंबलेली. रंगुबाईनं चंची सोडली, एक चकती काढली आणि सरांच्या तळहातावर ठेवली. सरांनी पुडी काढून चकती बसवली. खट्ट करून बसली.

"निर्माल्यात सापडल्या. नऊ. न उघडता विहिरीत सोड म्हनला हुता."

मग निकितानं बापाच्या हातातून मनगट सोडवलं आणि ती बोलली. "ह्यो सेल मशिनीला तारीख लक्षात ठेवायला लागतो. वीज असली की वीज, वीज गेली की सेल. सेल काढला आन मेन वढला की मशीन तारीख विसरती. सकाळी तिला वाटतं दोन हजार नऊ साल हाय. गोतावळा जिथनं येतो तो सर्व्हर आपलं वळखपत्र दाखवतो, त्याच्यावर यंदाच्या तारखा असतात. मशीन म्हनती, ह्ये वळखपत्र तर अजून सुरूच झालं न्हाई, खोटं दिसतंय, आत घेत न्हाई. महाराज रेशमाखाली बसून नुसती तारीख बदलतात. मंतर बाहेरच्यांसाठी."

सरांनी त्या एका मशिनीची तारीख नीट केली. रंगुबाईनं सगळ्यांसमोर मेन स्विच खाली ओढला, पंखे थांबले, पुन्हा वर केला. निकितानं नऊ मशिनींची बटणं दाबली. आठ मशिनी एफ-वन मागत अडल्या. एकीनं काही मागितलं नाही. तिथं गोतावळा सरसर आला.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळे महाराजांकडे बघत होते. महाराज जिन्याकडे सरकत होते, आणि वाट अडलेली बघून त्यांची संस्कृत भाषा एकदम गळून पडली.

"दुकान चालत न्हवतं हो," ते म्हणाले. "रिपेरिंगचं. कोनी येतच न्हवतं. महाराज झालो तर जिन्यापर्यंत रांग लागली."

काकासाहेबांना हे प्रकरण चार भिंतींत मिटवायचं होतं, क्लासचं नाव जाईल म्हणून. रंगुबाईनं ऐकलं नाही. जादूटोणाविरोधी कायदा आहे, तक्रार मी देणार, अंगठा नाही, सही करणार, असं ती बजावून गेली आणि दुपारी करूनही आली.

भागवत सर उठून फळ्याकडे वळले. "चूक माझी आहे," ते पोरांना म्हणाले. "वाचू नका असं मीच शिकवलं. लाल अक्षरं म्हणजे पिशाच्च नाही. काय अडलंय ते मशीन आपल्याला सांगत असतं. कळलं नाही तर एकेक शब्द शोधा, कुणालातरी विचारा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा. रंगुबाईंनी केलं तसं. यापुढं या खोलीत हात जोडायच्या आधी डोळे उघडायचे." आणि तुम्हीआम्हीही हेच करायला काय हरकत आहे? जिथं कुणी उघडू नका, बघू नका, विचारू नका म्हणतो, तिथं सगळ्यात आधी उघडावं, बघावं आणि विचारावं.

माणसं पांगली. भिमाजी तसाच उभा होता. पोरीचं मनगट त्यानं पुन्हा धरलं होतं, पण आता ओढत नव्हता. त्यानं तिचा हात उलटा करून तळवा बघितला. साबणानं सोलपटलेला.

"लई घासलास व्हय गं?"

निकितानं मान डोलावली.

भिमाजीनं मोबाईल काढला आणि मुकादमाला फोन लावला. "मुकादम, आपल्या गाडीत एक मानूस कमी धरा," तो म्हणाला. "आमी दोघंच येतो. पोरीला सोमवारी परीक्षा हाय."